गाळ काढला की झरा लागतो: बायबल आतून वाचायला सुरुवात कशी करायची

आमच्या मामाचा मळा अमळनेर तालुक्यात. मी लहान होतो तेव्हा दोन-तीन वर्षांनी एकदा मे महिन्यात विहीर पार तळाला जायची आणि मग गाळ काढायला माणसं उतरायची. टोपल्या भरभरून काळा चिखल वर यायचा, त्यात फुटकी घागर, दगड, एकदा तर कोणाची तरी चप्पल, आणि मामा काठावर वाकून सारखं एकच विचारायचा, "झरा मोकया व्हयना का रे?" पाणी कोणी बाहेरून आणून ओतत नव्हतं. ते खडकाच्या फटीत होतंच, तोंड बुजलं होतं एवढंच.

पुढे खूप वर्षांनी उत्पत्तिच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, २६व्या अध्यायात वाचलं की अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या आणि त्याच्या मुलाने, इसहाकाने, त्या परत उकरल्या, आणि बापाने ठेवलेली नावंच त्यांना परत ठेवली. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ओरिजेन म्हणून एक मोठा शिक्षक होऊन गेला, त्याने याच अध्यायावर प्रवचन दिलंय. तो म्हणतो की प्रत्येक जिवात जिवंत पाण्याची अशी एक विहीर आहे, मातीने भरलेली, आणि शास्त्र वाचायचं ते ती माती उपसायला. मी लहानपणापासून भुसावळच्या चर्चमध्ये जातोय, घरी रोज रात्री वडील रेल्वेच्या ड्युटीवरून आले की एक अध्याय वाचायचे, पाठांतराची बक्षिसं पण मिळालीत मला, तरी हे कळलं तेव्हा वाटलं की आपण इतकी वर्षं विहिरीच्या काठावर बसून विहिरीची माहिती पाठ करत होतो.

म्हणून हे लिहितोय, जे नव्याने सुरू करतायत त्यांच्यासाठी. तुम्ही ख्रिस्ती असाल, मुक्ताईनगरला वारीत जाणारे असाल, कोणीही असा, याला धर्म बदलावा लागत नाही आणि ज्याचा जो आहे तो सोडावाही लागत नाही.

देव आत आहे असं बायबल म्हणतं का

हा प्रश्न आधी, कारण आमच्यातलेच बरेच जण म्हणतात की हे ध्यान-बिन बाहेरून आलंय. लूक, मत्तय, मार्क, योहान ही बायबलमधली येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं, त्यातल्या लूकच्या १७व्या अध्यायात २१वं वचन बघा, देवाचं राज्य तुमच्यामध्ये आहे. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की मूळ ग्रीक शब्दाचे दोन अर्थ निघतात, 'तुमच्या आत' आणि 'तुम्हा लोकांच्या मधोमध', आणि येशू हे परूश्यांना सांगतोय, त्याच्यावर टपून असलेल्या लोकांना, त्यामुळे अभ्यासकांचा वाद आहे. मराठी 'मध्ये' मध्ये दोन्ही अर्थ मावतात हे मला फार आवडतं. पण या एका वचनावरच सगळं उभं नाहीये. येशूचा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात लिहितो की तुम्ही देवाचं मंदिर आहात आणि देवाचा आत्मा तुमच्यात राहतो, गलतीकरांना लिहितो की आता मी जगत नाही, ख्रिस्त माझ्यात जगतो. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टिन देवाशी बोलताना म्हणतो की मी जितक्या खोलवर आहे त्याच्याही आत तू होतास, तू आत होतास आणि मी बाहेर तुला शोधत होतो.

एक फरक मात्र पहिल्याच दिवशी मनात पक्का करा. देव माझ्यात आहे आणि मीच देव आहे, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. योहानच्या १५व्या अध्यायात वेल आणि फाटे यांची गोष्ट आहे, फाट्यात जो रस वाहतो तो वेलाचाच असतो पण फाटा म्हणजे वेल नाही, तोडला की दोन दिवसात वाळतो. ख्रिस्ती गूढवाद्यांनी, म्हणजे देवाला आत अनुभवणाऱ्यांनी, ही रेघ सांभाळली, आणि जिथे बोलताना ती पुसट झाली तिथे त्यांना त्रास झाला. माइस्टर एकहार्ट हा जर्मन डॉमिनिकन गुरू, त्याची काही विधानं १३२९ मध्ये पोपने चुकीची आणि संशयास्पद ठरवली. एकहार्ट मला जवळचा वाटतो, पण नव्या माणसाने त्याच्यापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणतं बायबल, कुठं बसायचं, किती वेळ

घरात जे असेल ते चालेल. बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं मराठी भाषांतर बहुतेक घरांत असतं, त्यातली भाषा थोडी जड आहे पण त्याचा इथे फायदाच होतो कारण घाईत वाचताच येत नाही. सोप्या मराठीतलं शेजारी ठेवा, अडलं तर बघायला. मराठीत हे काम फार जुनं आहे, १८११ ला सेरामपूरला नवा करार मराठीत छापला गेला, आणि पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं, आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या तेच करत होत्या. एकेका शब्दासाठी एवढं झिजलेली माणसं आहेत, तर आपण एका ओळीला दहा मिनिटं द्यायला हरकत नाही.

मोबाईलवर वाचू नका. अ‍ॅप वाईट म्हणून नाही, पण मध्येच नोटिफिकेशन येतं आणि हात आपोआप वर सरकवतो, आणि इथे सगळं काम थांबण्याचं आहे. कागदाचं पुस्तक घ्या, वही-पेन नंतरसाठी.

वेळ म्हणाल तर आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेच. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, नऊनंतर डोकं चालत नाही, पाच-साडेपाचला गच्चीवर किंवा ओट्यावर गार वारा असतो. वीस मिनिटं पुरे. मत्तय ६:६ मध्ये येशू सांगतो की आतल्या खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर. तिथला ग्रीक शब्द सामान-धान्य ठेवायच्या आतल्या खोलीसाठी वापरायचे, आपल्या धाब्याच्या घरांत कोठीची खोली असायची ना, तशी. आता एका खोलीत पाच माणसं राहतात तिथे दार कुठलं लावणार, तर मी सांगतो, भिंतीकडे तोंड करून बसा आणि घरच्यांना सांगून ठेवा की वीस मिनिटं मला हाक मारू नका. आमच्या घरी पहिला महिना कोणी ऐकलं नाही, मग ऐकायला लागले.

रवंथ

आता मुख्य गोष्ट. बाराव्या शतकात फ्रान्सच्या डोंगरात कार्थुसियन मठात ग्विगो नावाचा मठाधिपती होता, त्याने एका मित्राला पत्र लिहून चार पायऱ्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसतं देवापाशी असणं. त्याने उपमा जेवणाची दिलीय, वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थनेत चव कळते, आणि शेवटचं म्हणजे ती गोडीच. जुने मठवासी या चावण्याला जो लॅटिन शब्द वापरायचे तो गाईच्या रवंथाचाच शब्द आहे. ज्याने गोठा बघितलाय त्याला वेगळं काही समजवायला नको. गाय दिवसभर चरते तेव्हा भराभर गिळते, आणि मग संध्याकाळी बसून, डोळे अर्धवट मिटून, तेच परत तोंडात आणून सावकाश चावते, आणि दूध त्याच्यातून होतं. आपण फक्त चरतो आणि उठतो.

तर असं करा. पाच ते दहा वचनं घ्या, जास्त नको. पहिल्यांदा मोठ्याने वाचा, ओठ हलले पाहिजेत, कानाला ऐकू आलं पाहिजे. दुसऱ्यांदा हळू वाचा आणि जिथे मन अडकेल तिथे थांबा, एखादा शब्द असेल, अर्धी ओळ असेल. का अडकलं ते लगेच विचारू नका. तो शब्द मनात दहा-वीस वेळा घोळवा. मग त्या शब्दावरून जे काय वर येईल, राग, आठवण, भीती, कोणाचं तरी नाव, ते देवाला आपल्या भाषेत सांगून टाका, ग्रंथातल्या भाषेची गरज नाही. आणि मग गप्प बसा. शेवटची पाच मिनिटं शब्दही सोडून द्या. ही शेवटची पायरी आपल्या हातात नाही, ग्विगोही ती देवाची देणगी म्हणूनच सांगतो, आपलं काम तिथपर्यंत जाऊन बसायचं.

मला अहिराणीची फार मदत होते. उतारा वाचून झाला की तो मी आजीला सांगतोय असं समजून अहिराणीत मनात सांगतो. पुस्तकी मराठीत देव थोडा लांब वाटतो, शाळेतल्या सरांसारखा. 'देव आठेच शे', देव इथेच आहे, असं म्हटलं की तो ओट्यावर येऊन बसतो. तुमच्या घरी मावची असेल, भिली असेल, पावरी असेल, त्याच्यात करा.

एक उतारा सोबत करून बघू

योहान, अध्याय ४, वचन ५ ते ३०. हा पहिला घ्या असं मी सगळ्यांना सांगतो, थोडा लांब आहे म्हणून चार-पाच दिवसांत तुकडे करा.

पहिल्या दिवशी फक्त काय घडलं ते बघायचं. हे टाळू नका, लगेच आतलं काही शोधायला जाऊ नका. शोमरोनात सूखार गाव, याकोबाची विहीर, येशू चालून चालून दमलाय आणि काठावर बसलाय, सहावा तास म्हणजे भर दुपार. शिष्य गावात खायला आणायला गेलेत. एक बाई एकटी पाणी भरायला येते. आता आपल्याकडच्या कोणत्याही बाईला विचारा, पाण्याला कधी जातात, सकाळी नाहीतर सांजच्याला, चारजणींच्या सोबतीने. ही भर उन्हात एकटी का आली असेल? योहान सांगत नाही, आपणही पटकन ठरवू नये, प्रश्न तसाच जवळ ठेवावा. आणि येशू यहूदी, ही बाई शोमरोनी, हे दोन्ही लोक एकमेकांशी संबंध ठेवत नव्हते, तरी हा म्हणतो, मला प्यायला दे. देव तहानलेला आहे आणि मागतोय, पहिल्या दिवशी एवढ्यावरच बसलात तरी खूप झालं.

दुसऱ्या दिवशी तिचं बोलणं घ्या. तुनाकडे बादली नही, हीर खोल शे, मंग पानी कोठून देशी? किती खरा प्रश्न आहे हा, हाच प्रश्न मी देवाला शंभर वेळा विचारलाय, वेगवेगळ्या शब्दांत. आता ग्रीक मधली एक बारीक गोष्ट सांगतो. या उताऱ्यात विहिरीसाठी दोन शब्द आहेत. बाई बोलते तेव्हा 'फ्रेआर' येतो, म्हणजे खणलेली विहीर. येशू १४व्या वचनात बोलतो तेव्हा 'पेगे' येतो, म्हणजे झरा, जो पाणी पिणाऱ्याच्या आतच उपळत राहील. ती विहिरीबद्दल बोलतेय आणि तो झऱ्याबद्दल. आणि 'जिवंत पाणी' हा शब्द बायबलच्या लोकांत साधा रोजचा होता, वाहतं पाणी, झऱ्याचं पाणी, इसहाकाच्या माणसांना खोऱ्यात खणताना लागलं ते पण हेच. आपणही म्हणतोच की, या विहिरीला जिवंत झरा आहे. म्हणून मी म्हणतो की खानदेशच्या माणसाला हा उतारा फार फोडून सांगावा लागत नाही.

तिसरा दिवस अवघड आहे. येशू म्हणतो, जा, नवऱ्याला बोलावून आण. ती म्हणते, मला नवरा नाही. पाच झाले आणि आत्ता आहे तो तुझा नाही, हे खरं बोललीस, असं तो म्हणतो. यावर प्रवचनांमध्ये त्या बाईला फार झोडपतात, मला ते पटत नाही, त्या काळी नवरा मरायचा, नवरा टाकून द्यायचा, बाईच्या हातात काय होतं. येशू तिला एका शब्दाने झोडपत नाही. माझ्यासाठी हा गाळ काढायचा दिवस असतो. तिथे थांबून विचारायचं की मी कशाकशाशी बांधलेला होतो, कशाकशाने तहान भागेल असं वाटलं होतं, आणि आत्ता ज्याला माझं म्हणतोय ते माझं आहे का. वही काढायची असेल तर या दिवशी काढा. नको ते वर येतं, चप्पल पण येते, येऊ द्या.

मग ती विषय बदलते, आमचे वाडवडील या डोंगरावर उपासना करायचे, तुम्ही म्हणता यरुशलेमात करा. तो म्हणतो, या डोंगरावर नाही आणि यरुशलेमातही नाही, आत्म्याने आणि खरेपणाने. शेवटी २८वं वचन, ती घागर तिथेच टाकून गावात पळाली. ज्या घागरीसाठी भर उन्हात आली ती विसरली. या एका घागरीवर मी एकदा अख्खा आठवडा काढलाय. आणि येशूने पाणी प्यायलं का, ते योहान कुठेच सांगत नाही.

अर्थाचे थर, आणि एक सवय जी लावून घेऊ नका

पाचव्या शतकात जॉन कॅसियन नावाच्या मठवासीयाने शास्त्राच्या अर्थाचे चार थर सांगितले आणि यरुशलेमचं उदाहरण दिलं: इतिहासात ते यहुद्यांचं शहर, रूपकात ती ख्रिस्ताची मंडळी, आशेच्या अंगाने स्वर्गातलं नगर, आणि जगण्याच्या अंगाने माणसाचा जीव. एकच शब्द, चार मजले. तुम्हाला रोज चारही चढायची गरज नाही, फक्त तळमजला पाडून वरचा बांधू नका.

कारण नवीन लोक एक करतात, कोष्टक बनवतात. पाच नवरे म्हणजे पाच इंद्रियं, घागर म्हणजे देह, बारा म्हणजे अमुक. जुन्या लोकांनीही असे अर्थ लावलेत, पाच इंद्रियांचा तर ऑगस्टिननेच लावलाय, पण त्यांनी आधी त्या उताऱ्यासोबत आयुष्य काढलं होतं. तयार कोष्टक हातात असलं की उतारा दोन मिनिटांत सुटतो, कोड्यासारखा, आणि आपण जसे होतो तसेच उठतो. तुमच्या रवंथातून एखादं चिन्ह उमललं तर ते ठेवा, दुसऱ्याचं आणून चिकटवू नका.

काहीच होत नाही तेव्हा

होतंच असं. आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि मग कोरडं पडतं, मन कापसाच्या भावावर जातं, पोरीच्या अ‍ॅडमिशनवर जातं. मन गेलं हे लक्षात आलं की तोच अडकलेला शब्द परत घ्यायचा, स्वतःवर चिडायचं नाही. कॅसियनला इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंनी यासाठी एकच ओळ दिली होती, ७०व्या स्तोत्राची सुरुवात, देवा माझ्या मदतीला ये, लवकर ये. त्यांनी सांगितलं की भूक लागली तरी हीच म्हण, झोप येत नसली तरी हीच म्हण. मी ती एसटीत म्हणतो, दवाखान्याच्या रांगेत म्हणतो.

आणि मार्क ४:२६ वाचा, चारच वचनं आहेत. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. ज्याने जूनमध्ये कापूस लावून पावसाची वाट बघितलीय त्याला ही चार वचनं पुरतील. रोज उकरून बघू नका उगवलंय का.

सांभाळायच्या गोष्टी

डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं, बोट ठेवायचं आणि त्यावरून लग्न, धंदा, ऑपरेशन ठरवायचं, हे करू नका. प्रकटीकरणापासून, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून, सुरू करू नका. आवाज ऐकू यायला लागले, झोप उडाली, मला खास निवडलंय असं वाटायला लागलं, तर वाचन बंद करा, घरच्यांना सांगा आणि डॉक्टरकडे जा, यात विश्वास कमी पडण्याचा काही संबंध नाही. शक्यतो एखादं अनुभवी माणूस असू द्या, फादर, पास्टर, सिस्टर, एखादी म्हातारी मावशी, महिन्यातून एकदा बोलायला.

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या दोन वर्षांत मला शांततेची इतकी गोडी लागली की घरात कोणी बोललं तरी त्रास व्हायचा. आई तेव्हा आजारी होती, पहाटे तिला पाणी लागायचं, आणि मी माझी वीस मिनिटं मोडायला नको म्हणून बायकोला उठवायचो. तहानलेल्या देवाचा उतारा समोर उघडा ठेवून मी हे करत होतो. आई गेल्यावर एक दिवस 'मला प्यायला दे' वर येऊन थांबलो आणि पुढे वाचताच आलं नाही.

स्पेनच्या आविलाच्या तेरेसाने १५७७ मध्ये जिवाच्या आतल्या सात महालांबद्दल लिहिलं, आणि सगळ्यात आतल्या सातव्या महालात पोचल्यावर ती काय म्हणते, तर या सगळ्यातून कामं जन्मली पाहिजेत, कामं. आपल्या सिस्टर्सना तिने हेही सांगून ठेवलं होतं की स्वयंपाकघरात पाठवलं तर देव भांड्याकुंड्यांमध्येही वावरतो हे समजा. वाचन बरोबर चाललंय की नाही हे बघायचं असेल तर गलती ५:२२ मध्ये आत्म्याचं फळ दिलंय, प्रीती, आनंद, शांती धरून एकूण नऊ गोष्टी, आणि ती यादी तुमच्याऐवजी घरच्यांना वाचायला द्या.

दोघं-तिघं असाल तर

एकट्याने जमत नसेल तर रविवारी संध्याकाळी शेजारच्या दोन-तीन घरांनी एकत्र बसा. आमच्याकडे असं चालतं: उतारा तीनदा वाचायचा, तीन वेगवेगळ्या आवाजांत, त्यात एक आवाज लहान पोराचा. पहिल्या वाचनानंतर प्रत्येकाने आपल्याला अडलेला एकच शब्द म्हणायचा, समजावून सांगायचं नाही. दुसऱ्या वाचनानंतर दोन-तीन वाक्यं, स्वतःबद्दल, आणि दुसऱ्याच्या वाक्यावर कोणी उत्तर द्यायचं नाही, दुरुस्ती करायची नाही, मग ते कितीही चुकीचं वाटो. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना हे सगळ्यात चांगलं जमतं, आमच्यातल्या एक आजी शब्द म्हणून जे सांगतात ते पुढचा आठवडाभर माझ्या डोक्यात राहतं. तिसऱ्या वाचनानंतर दहा मिनिटं कोणी बोलत नाही. पंखा चालू असतो, लांबून गाडीची शिट्टी येते. मग कोणीतरी उठून चहा टाकतं.